व्हॉलपासून सतरा बोटं

हिंदमाताच्या नाक्यावर, साड्यांच्या दुकानांच्या अगदी समोर, बकुळाच्या सायकलचं पुढचं चाक बसलं. फुटलं असतं तर बरं झालं असतं. फाट्‌कन आवाज झाला असता, चार माणसं दचकली असती, आणि त्यांना दचकवल्याचा मान तरी तिच्या पदरात पडला असता. पण हे तसलं नव्हतं. लग्नघरातून कुणाला न सांगता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखी हवा गेली. शाळेच्या फाटकातून निघताना चाक जरा मऊ होतं, ते तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं होतं आणि मुद्दामच विसरली होती. दादर टीटीला वळताना हँडल झोपलेल्या पोरासारखं जड झालं. आणि इथं, बायकांची एक अख्खी रांग रस्ता ओलांडत असताना, रिम रस्त्याला टेकून खडखड वाजायला लागली. उतरावंच लागलं. बाकी काहीही होईल, पण उतरायची वेळ येणार नाही, असं तर तिनं घरी दोन्ही हात कमरेवर ठेवून छातीठोकपणे सांगितलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसलेला एक माणूस म्हणाला, "काय ताई, सायकलला फिरवून आणताय वाटतं?" बकुळानं मान वळवली. आठ दिवसांपूर्वी भर वर्गात, भूमितीच्या सरांच्या सिद्धतेत एक पायरी राहिलीय असं तिनं उभं राहून सांगितलं होतं, आणि सर फळ्याकडे बघत बघत "बरोबर आहे की" म्हणाले होते. तेव्हापासून तिच्या जिभेला पाय फुटले होते. "तिला साडी घ्यायचीय," ती म्हणाली, "आहे का तिच्या मापाची?" रस्ता ओलांडणाऱ्या बायका खळखळून हसल्या. त्या हसण्यावर ती ऐटीत दहा पावलं चालली. अकराव्या पावलाला आपण चालतोय हे तिच्या लक्षात आलं.

आणि चालताना तिला कोण बघणार, तर गंगुबाईच. गंगुबाई त्यांच्याच लालबागच्या चाळीतली, दुसऱ्या मजल्यावर गिरणीवाल्यांची खाणावळ चालवणारी. रोज दादरला भाजी घ्यायला जायची आणि डोक्यावर पाटी घेऊन परत यायची. पाटीखालून तिचे डोळे कसे दिसत कोण जाणे, पण तिला सगळं दिसे. "काय गो बकुळा," ती मागून ओरडली, "सायकल तुका नेता की तू सायकलीक नेतंस?" बकुळा म्हणाली, "हवा गेली, मावशी." "मगे चल माझ्यावांगडा. हय मधेच उभी ऱ्हव नको." झालं. परळचा पूल येईपर्यंत गंगुबाई पुढं आणि बकुळा मागं, मध्ये दोघींच्या चालण्याएवढं अंतर, आणि चाक खडखडतंय. गंगुबाई मध्येच थांबे, पाटी सावरी, कुणाशी तरी दोन वाक्यं बोले, आणि बकुळालाही थांबावं लागे. गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत ती अशीच शाळेत जात होती आणि अशीच परत येत होती. भाजीच्या पाटीतून ओल्या मेथीचा वास येई, गंगुबाईच्या टाचांच्या भेगा एकामागून एक समोरून जात. त्या भेगा तिला पाठ झाल्या होत्या. डाव्या टाचेवर तीन, उजवीवर पाच. तीन वर्षं एवढंच जग दिसलं होतं. आता पुन्हा त्याच टाचा समोर आल्या तेव्हा तिनं मोजल्या. उजवीवर सहा झाल्या होत्या.

गंगुबाईच्या मागूनच जायचं, हा नियम छप्पन सालचा. तेव्हा बकुळा अकरा वर्षांची होती. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही म्हणून बातमी आली आणि लालबाग पेटलं, आणि मग कर्फ्यू लागला. दहा बाय बाराच्या खोलीत आई, तात्या, ती आणि कोपऱ्यात उभी केलेली सायकल, असे पाच-सहा दिवस गेले. खिडकीला चादर लावली होती. गिरणीचा भोंगा वाजला तरी कुणी उठत नव्हतं, हीच सगळ्यात भीतीची गोष्ट होती. भोंगा वाजल्यावर तात्या उठत नाहीत म्हणजे जगाचं काहीतरी सुटलेलंच असणार. आणि त्यातच तळमजल्यावरचा शिवा दूध बघून येतो म्हणून गेला, तो परत आला नाही. गोळी त्याला लागायची नव्हती, असं सगळे म्हणाले. तो नुसता उभा होता. बघत. तेव्हापासून आईच्या मनात एक वाक्य बसलं ते कायमचं: "शिवा पायीच गेल्लो." बकुळानं पाचवीनंतर दादरच्या शाळेत जायचं ठरलं तेव्हा आई तेच म्हणाली, बस चुकली की पायी यावं लागेल म्हणून म्हणाली, पाऊस पडला तरी तेच म्हणाली. एकटी मुलगी पायी नाही. म्हणून गंगुबाई. मग गेल्या जूनमध्ये तात्यांची सायकल रिकामी झाली, आणि बकुळानं आपल्या आयुष्यातला पहिला मोठा युक्तिवाद केला. "आई, सायकलवरची मुलगी थांबत नाही. थांबतच नाही, तर सापडेल कशी?" आईनं पीठ मळता मळता हात थांबवला. तात्या भिंतीला टेकून बसले होते, ते हसले. "बरोबर बोलता," ते म्हणाले, "जाव दे. पण थांबलंस ना गो बाय, त्या दिवशी संपला." त्या एका वाक्यावर ती आठ महिने जगत होती. आठ महिने दादरच्या रस्त्याचं वारं, परळच्या पुलाचा उतार, घंटी न वाजवता टांग्याला मागे टाकणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणाच्याही टाचा समोर नसणं. आपल्याला कुणीही बघत नाही असा रस्ता असतो, हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं होतं.

गंगुबाई जिन्यातूनच सांगत वर गेली. बकुळा सायकल खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आईनं तोंड फिरवलेलं होतं. तात्या गॅलरीत आपल्या जागी, स्टुलावर. त्यांच्या डोळ्यांतलं दिसणं गेली दोन वर्षं कडेकडेनं विझत आलं होतं. आता मध्ये एक वाटीएवढा उजेड राहिला होता, त्यात समोरच्या माणसाचं नाक दिसे आणि कान दिसत नसत. गिरणीच्या साचेखात्यातनं, मागावरनं, त्यांना घरी बसवलं तेही त्यामुळंच. पण कान मात्र तिखट झाले होते. "हिंदमाताकडना चालत इलंस," ते म्हणाले. विचारलं नाही. "हो." "चाक धरता की नाय ते मंगळवारपर्यंत बघ. नाय धरला तर बुधवारपासून गंगुबाई." मग थोड्या वेळानं, "कुशाबाकडे नेव नको आता. सात फेरे झाले." कुशाबा म्हणजे नाक्यावरचा सायकलवाला. त्यानं या एका ट्यूबला इतकी ठिगळं लावली होती की तो म्हणे, पोरी, आता ट्यूब कमी आणि सोल्युशन जास्त. दर वेळी तो ट्यूब काढी, बादलीत बुडवी, बुडबुडा दिसला की ठिगळ चिकटवी, आणि म्हणे, जुनी झाली. पाच दिवस धरे. सहाव्या दिवशी हवा आपली पाहुण्यासारखी निघून जाई. खरं म्हणजे ही सायकल गेली चार वर्षं अशीच होती. घरातली सकाळ म्हणजे नळाची घागर, शेजारच्या रेडिओवरचं भजन आणि तात्यांचा पंप. फुस्‌, फुस्‌, चाळीस दट्टे. अडतीसला ते एकदा दम खात, मग दोन. तात्यांना गिरणीपर्यंत दहा मिनिटं लागत. संध्याकाळी परत येताना चाक मऊ असे, पण येण्याइतकं धरे. त्यांच्या जाण्यायेण्याला ती हवा नेमकी पुरत होती, म्हणून कुणाला कधी प्रश्नच पडला नव्हता. हवा जिरते, असं ते म्हणत, जसं काही चाक म्हणजे जमीन आणि हवा म्हणजे पाणी. दादर मात्र त्या हवेत बसत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं गॅलरीत गोणपाट पसरलं. हे ती घरीच करणार होती, स्वतःच्या हातानं, कुशाबाला करता आलं नाही ते. टायर काढायला दोन पळ्यांचे दांडे, बादलीत पाणी, काचकागदाचा तुकडा, सोल्युशनची नळी, आणि कंपासपेटी. कंपासपेटी बघून आई म्हणाली, "ह्या कित्याक? चाकाची परीक्षा घेतंस?" "हो," बकुळा म्हणाली, "आणि ते नापास होणारंय." आई हसली नाही, पण तिनं पळ्यांचे दांडे वाकवू नको असंही म्हटलं नाही, म्हणजे अर्धी ती या बाजूला होती. तात्या स्टुलावर, हाताच्या अंतरावर. त्यांच्या बोटांत नेहमीसारखं सूत होतं. गिरणीतनं आणलेलं कधीचं तरी एक रीळ. ते दिवसभर धागा तोडत आणि जोडत. तोडत आणि जोडत. विणकराची गाठ. साच्यावर ताणाचा धागा तुटला की साचा थांबतो, आणि साचा थांबला की सगळेच तोंडाकडे बघतात, म्हणून दोन बोटांत डोळ्याचं पातं लवायच्या आत मारायची गाठ. इतकी बारीक, इतकी घट्ट की फणीतनं जाताना अडकत नाही आणि कापडात शोधून सापडत नाही. साचेखात्यात तात्यांच्या गाठीचं नाव होतं. गुणाजीची गाठ, असंच म्हणत. डोळे गेले तरी ती गेली नव्हती, कारण तिला डोळे कधी लागलेच नव्हते. बकुळाला लहानपणी वाटे, जगातल्या सगळ्या वस्तू आतून अशाच गाठींनी धरलेल्या असतात आणि त्या कुणीतरी, बहुतेक तात्यांनीच, मारलेल्या असतात.

तिनं टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून बादलीत बुडवली. पाणी गढूळ झालं, मग स्थिर झालं. काही नाही. ती ट्यूब बोटाबोटानं फिरवत गेली, श्वास धरून, जसा काही तिच्या श्वासानंच बुडबुडा निघेल. मग एका जुन्या ठिगळाच्या कडेला, आतल्या अंगाला, रिमेकडच्या बाजूला, एक मोहरीएवढा बुडबुडा आला, थांबला, सुटला. दहा मोजेपर्यंत दुसरा. एवढासाच. या एवढ्याशावर गंगुबाईच्या टाचा अवलंबून होत्या. कुशाबा इथंच थांबत असे, हे तिला ठाऊक होतं; ठिगळ चिकटवून मोकळा. पण बकुळाच्या जिभेसारखेच आता तिच्या डोळ्यांनाही पाय फुटले होते. तिनं ट्यूब पुसली, हवा भरायच्या व्हॉलपासून बोटं मोजायला लागली. सतरा बोटं. सतराव्या बोटाला भोक, आणि आजूबाजूला एकावर एक चार ठिगळं. बाकीची तीन दुसऱ्या बाजूला, व्हॉलच्या उजवीकडं. तीही मोजली. सतरा बोटं. ती उकिडवी बसली होती ती तशीच टेकून बसली. डावीकडं सतरा, उजवीकडं सतरा. कुशाबा ट्यूब कधी सुलटी बसवतो, कधी उलटी, त्यानं काय फरक पडतो म्हणून. फरक एवढाच पडतो की डावं उजवं होतं. म्हणजे जागा एकच. ट्यूब फिरली, जागा फिरली नाही. म्हणजे भोक ट्यूबमधनं येतच नव्हतं. ते चाकात होतं. सरांच्या सिद्धतेत राहिलेली पायरी दिसली तेव्हा कानशिलात जसा गरम झटका आला होता तसाच आत्ता आला, आणि तिला उठून सगळ्या चाळीला ओरडून सांगावंसं वाटलं. तिनं चाक मांडीवर ओढलं, रिमेतून व्हॉल जातो त्या भोकावर अंगठा ठेवला आणि डावीकडं सरकवत निघाली. रिमेत तारांची टोकं असतात. ती ट्यूबला टोचू नयेत म्हणून त्यांच्यावरून सभोवार एक कापडाची पट्टी बांधलेली असते. ती पट्टी काळी, गंजानं तांबूस, रबराच्या भुकटीनं मेणासारखी झालेली. नऊ, दहा, अकरा. पट्टी सपाट. सोळा. सतराव्या बोटाखाली काहीतरी होतं. तुरीच्या दाण्याएवढं, टणक. तिनं थुंकी लावून पुसलं. गाठ होती.

तिनं बोट काढलं नाही. बोट तिथंच राहिलं, कारण ते तिथं आधीही एकदा ठेवलेलं होतं. कर्फ्यूचा तिसरा का चौथा दिवस. खिडकीला चादर, चादरीतून येणारा उजेड पिवळा, चुलीवर नुसता भात. तात्यांच्या हातांना काम नव्हतं. ते हात मांडीवर पडून राहत आणि अधूनमधून आपलेआप हलत, झोपेत कुत्र्याचे पाय हलतात तसे. मग त्यांनी एकाएकी सायकल उलटी केली, चाक काढलं, गिरणीतनं आणलेल्या कापडाची किनार टरकावून लांब पट्टी काढली आणि रिमेवर ओढून बसवली. "बाय, बोट हय ठेव," ते म्हणाले. तिनं दोन टोकांच्या फुलीवर बोट ठेवलं. त्याच वेळी बाहेर, भारतमाता सिनेमाच्या बाजूला कुठंतरी, नवं कापड एकदम फाडावं तसा आवाज झाला. पुन्हा झाला. आई कपाटाला चिकटली. "काढू नको बोट," तात्या म्हणाले, अगदी हळू, रोज सांगतात तसं. त्यांची बोटं तिच्या बोटाभोवती फिरली, पट्टी तिच्या नखाला घासली, नखाखाली आग झाली, आणि गाठ बसली. बाहेर तिसरा आवाज झाला तेव्हा तात्या गाठीवर अंगठा फिरवत होते. "बघ," ते म्हणाले, "आता ही जायची नाय खंय." तिला तेव्हा खरंच वाटलं होतं की ते तिच्याबद्दल बोलतायत, आईबद्दल, खोलीबद्दल. ही गाठ आहे तोपर्यंत कुणी कुठं जायचं नाही. आणि खरंच घरातलं कुणी गेलं नव्हतं. नंतर कितीदा तरी कुशाबानं चाक उघडलं, तिनंही परवा एकदा उघडून या फुगीर जागेवरून बोट फिरवलं, आणि तिला शंका म्हणून आली नाही. तात्यांची गाठ ती. चाकात ती असायचीच. तीच हवा खात असेल, हे कुणाच्या मनात यावं कसं? चार वर्षं ती ट्यूबला आतून, दाण्याएवढी, रोज थोडी थोडी घासत होती.

"काय झाला गो?" तात्या म्हणाले. "हात थांबले तुझे." "काही नाही." "गावला?" "बघतेय." तिनं नखानं गाठ उकलायला घेतली. नख मोडलं. कंपासपेटीतलं करकटक घेतलं, टोक खुपसलं. टोक सरकलं आणि गाठ तशीच. तिला रडू यायला लागलं आणि रागही यायला लागला, आणि दोन्ही गिळावं लागलं कारण तात्यांना गिळल्याचाही आवाज येतो. कात्री आत फळीवर होती. ती पाय न वाजवता आत गेली, कात्री परकराच्या घडीत घालून आणली. आणि मग बसून राहिली. कात्रीचं तोंड मिटताना कचकन होतं, आणि तात्या एका हाताच्या अंतरावर, धागा तोडतायत, जोडतायत. कापडावरची कात्री त्यांना झोपेतसुद्धा ओळखू येते. गाठ कापल्याशिवाय मंगळवार जात नाही, आणि कापली तर तात्यांच्या हातात उरतं काय, एक रीळ. गॅलरीच्या कठड्याच्या सळ्यांतून खाली रस्ता दिसत होता, रविवारचा, रिकामा, एखाद्यानं मांडून ठेवल्यासारखा. आत आई, शेजारी तात्या, मांडीवर चाक, चाकात गाठ, आणि मुठीत न वाजवता येणारी कात्री. छप्पन साली खोलीत सगळे होते म्हणून भीती वाटली नव्हती तेवढी आत्ता, उघड्या गॅलरीत, भर उन्हात वाटली. इथून निघायचं असेल तर यांचंच काहीतरी तोडून निघायचं, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात चिंचपोकळीच्या अंगानं ढोल ऐकू आला. काळाचौकीच्या सभेला मोर्चा निघाला होता. आधी पोरं, मग झेंडे, मग सगळा रस्ता भरून माणसं, आणि चाळीच्या सगळ्या गॅलऱ्या एकदम बायकापोरांनी काळ्या झाल्या. एरवी अशा वेळी बकुळा कठड्यावर पोटावर झुलत असे आणि तिचा आवाज समोरच्या चाळीपर्यंत जाई. खालचे लोक मान वर करून बघत, ही कोण गिरणीच्या भोंग्याची बहीण म्हणून. "संयुक्त महाराष्ट्र!" खालून कुणीतरी गर्जला. बकुळानं कात्रीचं तोंड गाठीच्या डाव्या अंगाला लावलं. "झालाच पाहिजे!" तिनं दाबली. पुन्हा एकदा, उजव्या अंगाला. "झालाच पाहिजे!" गाठ तिच्या तळहातात पडली. ढोल पुढं गेला, घोषणा परळकडच्या भिंतींवर आपटून फिकट झाली, आणि तात्या मान तिरकी करून तसेच बसले होते. मग ती शिवायला बसली. कापलेल्या टोकांना पुरेशी लांबी राहिली नव्हती, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा बोटभर तुकडा मध्ये जोडला. दोन्हीकडं टोकावर टोक चढवून, घट्ट ताणून, उलटी टीप. तारांची टोकं आधी काचकागदानं घासून गुळगुळीत केली. गाठ कुठंच नाही. दोऱ्याचीसुद्धा टोकं पट्टीच्या पोटाखाली दडवली. शिवणाच्या बाई असत्या तर दहापैकी नऊ दिले असते.

"टायर चढवचे आधी चाक हय दी," तात्या म्हणाले. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि चाक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सुताचं रीळ बाजूला ठेवलं. अंगठा व्हॉलच्या भोकावर टेकवला आणि डावीकडं निघाले. मोजत नव्हते, त्यांचं बोट कुठं जायचं ते जाणत होतं. तिथं पोचलं. पुढं गेलं. मागं आलं. पुन्हा पुढं गेलं. मग अख्खं चाक फिरवून व्हॉलपर्यंत परत आलं, आणि परतीच्या वाटेवर नख शिवणीवर थांबलं.

"शिवलंस?"

"हो."

"धावदोरो?"

"नाही. उलटी टीप. सपाट बाजू ट्यूबकडं."

"बरा केलंस." आई दाराशी येऊन उभी राहिली होती, हात पदराला पुसत. "आणि ती?" तात्यांनी विचारलं.

बकुळानं मूठ उघडली आणि गाठ त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून कानापाशी नेली, जसं काही ती काही सांगणार होती. मग नखानं उचकटून पाहिली. "सुटली नाय."

"नाही सुटली. नखानं केली, करकटकानं केली. शेवटी दोन्हीकडनं कापली, तात्या."

"कातरेचो आवाज नाय इलो."

"मोर्चा चालला होता."

"हां," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या गालाची एक बाजू हलली. "तरी मी म्हणतंय, मोर्चो जाता आणि आमची भोंग्याची भैण घोषणा देऊक कशी धावली नाय." आई फिस्सकन हसली आणि लगेच आत गेली. तात्यांनी गाठ बोटांत फिरवली, फिरवली. "दिवसाक वीस वीस मारलंय. कापडात एकव कोणाक गावली नाय."

"कापडात नाहीच गावत."

"ह्या कापड नव्हता," ते म्हणाले. आणि गाठ खिशात टाकून चाक तिच्याकडं सरकवलं.

सोमवारी सकाळी नळ आले, भजन सुरू झालं, आणि तात्या नेहमीच्या वेळेला खिळ्यावरचा पंप काढून गॅलरीत आले. बकुळा वेणी घालत होती. त्यांनी चाचपून व्हॉल शोधला आणि आधी अंगठ्यानं टायर दाबला. टायर दगड होता. रात्रभर एक फुंकरसुद्धा गेली नव्हती. "ब्येस," ते म्हणाले. पण उठले नाहीत. मग उठले. पंप हातात घेऊन, कुणीतरी धरायला देऊन विसरून गेलेल्या माणसासारखे मध्येच उभे राहिले. खिळ्याला अडकवला, पुन्हा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता. आतून भजन संपल्याचं ऐकू आलं आणि सकाळीत एक चौकोनी भोक पडल्यासारखं झालं, जिथं चाळीस दट्टे असायचे. बकुळा निघाली. शाळेत पोचली, शाळेतून परत आली. परळच्या पुलाच्या उतारावर पाय अधांतरी सोडले आणि चाक धरून राहिलं. पाटी घेतलेली गंगुबाई फुटपाथवर मागं पडली तेव्हा बकुळानं घंटीसुद्धा वाजवली, गरज नसताना, दोनदा. "जा गो बाय जा, उडान जा!" गंगुबाई मागनं ओरडली. असं सगळं तिला हवं तसं झालं. पण उतारावर वारं तोंडावर येत असताना तिला दिसत होते ते पंप पुसणारे दोन हात, आणि वारं नेहमीइतकं लांब पुरलं नाही.

मंगळवारी ती नळ यायच्या आधीच उठली. आई चुलीशी होती. तात्या आत भिंतीकडं तोंड करून चहा घेत होते. बकुळा गॅलरीत गेली, चाकाशी बसली आणि व्हॉलचा नट अर्धा फिरवला. सूं झालं. तिनं अंगठा टायरवर ठेवून वाट पाहिली. जरासा मऊ, कालपरवापर्यंत रोज असायचा तेवढाच मऊ, जास्त नको. नट घट्ट केला. आत बशीवर कप टेकवल्याचा आवाज आला. तात्यांची मान भिंतीकडून गॅलरीकडं वळली होती, कान तिच्या दिशेला. ती तशीच उकिडवी थिजून बसली. त्यांनी चहा संपवला, अगदी सावकाश, मग उठले, खिळ्यावरचा पंप काढला आणि बाहेर आले. अंगठा टायरवर.

"बसला काय थोडा?"

"हो. थोडासा."

"जुनी ट्यूब."

"जुनीच आहे, तात्या."

फुस्‌. फुस्‌. ती हँडल धरून उभी राहिली. दहावी आणि अकरावीची मॅट्रिक, दोन वर्षं. त्यातून रविवार वजा, दिवाळी वजा, मे महिना वजा. तिचा हिशेब पक्का होता, साडेचारशेच्या आसपास सकाळी निघत होत्या. साडेचारशे वेळा लवकर उठायचं, साडेचारशे वेळा तो नट, आणि तात्यांनी साडेचारशे वेळा ऐकायचं आणि चहा संपवायचा. खाली रस्ता उजाडला होता, दादरपर्यंत मोकळा. अडतीसला तात्या थांबले, दम खायला. तिनं पेडलवर ठेवलेला पाय खाली घेतला. अजून दोन राहिले होते.